एपिस्कोपल चर्चच्या लहान पॅरिशमधील गायकवृंद

अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात उपासनाविधींविषयी ज्या सर्वसाधारण सूचना दिलेल्या आहेत, त्यांतील एक वरवर पाहता अगदी किरकोळ वाटते. जेथे एखादा भाग ‘म्हणावा’ असे लिहिले असेल तेथे ‘गावा’ असाही अर्थ घ्यावा, आणि जेथे ‘गावा’ असे लिहिले असेल तेथे ‘म्हणावा’ असाही घ्यावा, असा तिचा आशय आहे. या एका सूचनेने संगीत सर्वत्र शक्य झाले आणि कोठेही अनिवार्य राहिले नाही. मोठ्या शहरातील कॅथेड्रलमध्ये, जेथे वेतन घेणारे गायक आणि पूर्णवेळ ऑर्गनवादक असतात, तेथे या मुभेकडे कोणाचे फारसे लक्षही जात नाही. परंतु रविवारी चाळीस-पन्नास माणसे जमणाऱ्या पॅरिशमध्ये ती प्रत्यक्षात प्रश्न होऊन उभी राहते. गाण्याची सक्ती नसताना तेथे गायचे कोणी, कोणासाठी आणि कशाच्या बळावर, या प्रश्नाचे उत्तर तेथील आठ-दहा हौशी गायकांच्या वृंदाकडे पाहिल्यावाचून मिळत नाही.

प्रथम या चर्चचा थोडा परिचय करून घेणे अगत्याचे आहे; कारण ‘अमेरिकन मिशन’ या शब्दांनी महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात उभे राहणारे चित्र येथे उपयोगी पडत नाही. १८१३ साली मुंबईस उतरलेले आणि पुढे अहमदनगर परिसरात कार्य वाढविणारे अमेरिकन मिशनरी मुख्यतः काँग्रिगेशनल परंपरेतील होते. त्या परंपरेत प्रत्येक मंडळी स्वायत्त असते, आणि उपासनेचे शब्द पुस्तकात बांधून दिलेले नसतात. एपिस्कोपल चर्च हे इंग्लंडच्या चर्चचे अमेरिकेतील अपत्य होय. ‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशपांच्या अधिकाराखाली चालणारे. वसाहती स्वतंत्र झाल्यावर राजनिष्ठेची शपथ आणि राजासाठीची प्रार्थना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा १७८९ साली फिलाडेल्फिया येथे या चर्चने आपली घटना व आपले प्रार्थनापुस्तक सिद्ध केले. पुढे १८९२, १९२८ व १९७९ या साली त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या झाल्या. तेव्हा अहमदनगरच्या अमेरिकन मिशनपेक्षा मुंबईचे १७१८ साली उघडलेले सेंट थॉमस चर्च या विषयाला अधिक जवळचे आहे. उत्तर भारतातील अँग्लिकन मंडळ्या १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात समाविष्ट झाल्या, तरी जे प्रार्थनापुस्तक त्या मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, त्याच पुस्तकाची दुसरी शाखा अमेरिकेत वाढली.

या दोन परंपरांतील भेद संगीताच्या बाबतीत किती जुना आहे, हे एका ऑर्गनच्या इतिहासावरून कळते. बॉस्टनचे व्यापारी थॉमस ब्रॅटल १७१३ साली वारले. आपल्या घरचा लहानसा ऑर्गन त्यांनी ब्रॅटल स्ट्रीट येथील काँग्रिगेशनल मंडळीला मृत्युपत्राने देऊ केला होता, आणि ती तो न घेईल तर तो किंग्ज चॅपल या त्या काळच्या अँग्लिकन मंदिराला मिळावा, अशी तरतूद केली होती. पहिल्या मंडळीने ऑर्गन नाकारला. उपासनेत वाद्य असणे तिच्या विवेकबुद्धीला पटण्यासारखे नव्हते. अँग्लिकनांनी तो स्वीकारला खरा, परंतु तो उघडून १७१४ साली उभा करीपर्यंत काही महिने गेले, आणि तो वाजविण्यासाठी इंग्लंडहून माणूस आणवावा लागला. १७५६ साली किंग्ज चॅपलला मोठा ऑर्गन मिळाल्यावर हे वाद्य न्यूबरीपोर्टच्या सेंट पॉल्स चर्चकडे गेले, आणि १८३६ साली तेथून न्यू हॅम्पशरमधील पोर्ट्‌स्मथच्या सेंट जॉन्स चर्चकडे आले. ते आजही तेथेच आहे. मोठ्या मंदिराने टाकलेले वाद्य लहान मंदिराने घ्यावे आणि ते शतकभर निभवावे, ही रीत पुढेही चालू राहिली. लहान पॅरिशची संगीतसामग्री बहुधा अशीच जमलेली असते. दुसऱ्याचा ऑर्गन, बंद पडलेल्या एखाद्या वृंदाचे झगे, आणि ज्यांवर तीन-तीन मंदिरांचे शिक्के आहेत अशा छापील रचनांच्या प्रती तेथे हमखास आढळतात.

वास्तूचा विचारही येथे टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील ऑक्सफर्ड चळवळीचे आणि मध्ययुगीन मंदिररचनेच्या पुनरुज्जीवनाचे वारे अमेरिकेत पोहोचले. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचे वास्तुशिल्पी रिचर्ड अपजॉन यांनी १८५२ साली ग्रामीण वास्तूंवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. खेड्यातील सुताराला हाताशी धरून लाकडी गॉथिक मंदिर कसे उभारावे, याचे आराखडे व तपशील त्यात होते. टोकदार कमानी, उतरते छप्पर, उभ्या फळ्यांच्या भिंती अशी जी चिमुकली मंदिरे अमेरिकेच्या अनेक गावांत दिसतात, त्यांच्यामागे या पुस्तकाची आणि तत्सम पुस्तकांची प्रेरणा होती. या मंदिरांच्या पूर्वभागी वेदीपुढे जो चौक असतो, त्यात समोरासमोर दोन ओळींत गायकांची आसने मांडण्याची प्रथा पडली. ही मांडणी इंग्लंडच्या कॅथेड्रलमधील होती. तेथे दोन बाजूंस दोन पूर्ण वृंद असतात आणि स्तोत्राच्या ओळी ते आलटून पालटून गातात. लहान मंदिरात तिचा अर्थ असा झाला की आठ गायक असल्यास चार इकडे व चार तिकडे बसतात, आणि प्रत्येक स्वरभागाच्या वाट्याला एका बाजूस एकच गळा येतो. शिवाय त्यांचा आवाज मंडळीकडे सरळ न जाता समोरच्या ओळीवर आदळतो. त्यात लाकडी भिंती, कमी उंचीचे छप्पर आणि कोणा दात्याने सद्भावनेने घातलेला गालिचा यांची भर पडली की स्वर ओठांतून निघताच विरून जातो. दगडी कॅथेड्रलसाठी, त्यातील दीर्घ निनाद गृहीत धरून लिहिलेली रचना येथे कोरडी वाटते, यात गायकांचा दोष नाही.

याच काळात पांढरे सरप्लिस घातलेल्या पुरुष-बालकांच्या वृंदाचा आदर्शही रूढ झाला. तत्पूर्वी गायक पश्चिमेकडील सज्जात, मंडळीच्या पाठीमागे बसत. आणि शहरांतील श्रीमंत मंदिरांत दोन स्त्रिया व दोन पुरुष अशा चार सवेतन गायकांचे ‘क्वार्टेट’ ठेवण्याची मोठी आवड होती. सरप्लिसधारी वृंदाने ती नाटकी चाल घालविली, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणत. त्यात तथ्य असेलही. परंतु या सुधारणेने स्त्रियांना वृंदातून दूर सारले, ही गोष्ट त्या लेखनात क्वचितच येते. लहान पॅरिशला बालकांचा वृंद पोसणे बहुधा झेपले नाही. तेथे स्त्रियाच गात राहिल्या आणि पुढे त्यांनाच झगे मिळाले. आदर्श अव्यवहार्य ठरल्यामुळे न्याय घडावा, असे हे एक उदाहरण आहे.

आता हा वृंद काय गातो ते पाहू. रविवारच्या उपासनेत त्याची कामे चार प्रकारची असतात. संपूर्ण मंडळीची उपासनागीते, विधीचे ठराविक गेय भाग, दिवसाचे स्तोत्र, आणि वृंदाची स्वतंत्र रचना, जिला ‘अँथेम’ म्हणतात.

उपासनागीते ज्या संग्रहातून घेतात तो ‘द हिम्नल १९८२’ हा होय. त्या वर्षीच्या महासभेने त्याला मान्यता दिली व १९८५ साली तो छापून आला. त्यात ७२० गीते आहेत. त्याआधीचा ‘द हिम्नल १९४०’ सहाशे गीतांचा होता, आणि कित्येक पॅरिशच्या बाकांमागील कप्प्यांत तो नव्याच्या शेजारी दीर्घकाळ टिकून राहिला. या संग्रहांचे एक वैशिष्ट्य मराठी वाचकाला चटकन उमगेल. इंग्रजी उपासनागीताचा छंद ओळीतील अक्षरसंख्येवर सांगितला जातो. ८-६-८-६ हा सर्वांत परिचित छंद होय, आणि त्या छंदाचे कोणतेही गीत त्या छंदाच्या कोणत्याही चालीवर गाता येते. मोठ्या अभंगाच्या ६-६-६-४ या बांधणीमुळे एकाच चालीवर अनेक अभंग बसतात, तसाच हा प्रकार आहे. भेद इतकाच की तेथे चालीला स्वतंत्र नाव असते, आणि संग्रहाच्या अखेरीस छंदवार सूची छापलेली असते. लहान पॅरिशच्या ऑर्गनवादकाला ही सूची वेदाइतकी प्रमाण असते. दिवसाच्या पाठाला योग्य असे गीत सापडले, पण त्याची चाल मंडळीला अपरिचित असली, तर तो त्याच छंदाची ओळखीची चाल शोधतो आणि शब्द वाचवितो.

गीतसंग्रहात कोणाचे स्वर शिरतात, हा प्रश्न संगीताइतकाच समाजशास्त्राचाही आहे. न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्जेस चर्चमध्ये १८९४ साली हॅरी बर्ले या कृष्णवर्णी तरुणाची बॅरिटोन एकलगायक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा त्या श्रीमंत गोऱ्या मंडळीतील काहींनी विरोध केला होता. तो तेथे १९४६ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे गात राहिला. ड्व्होर्झाक न्यूयॉर्कच्या संगीतविद्यालयात असताना बर्ले तेथील विद्यार्थी होता, आणि त्याच्या तोंडून त्याने कृष्णवर्णीयांची भक्तिगीते ऐकली होती. बर्लेने अशाच एका भक्तिगीताच्या सुरावटीवरून बांधलेली चाल, त्या चर्चच्या रेक्टरच्या आडनावावरून ‘मॅकी’ हे नाव घेऊन, १९४० च्या संग्रहात आली आणि १९८२ च्या संग्रहातही राहिली. सेंट जॉर्जेस हे काही लहान चर्च नव्हते. परंतु तेथील वृंदाच्या एका आसनावरून निघालेली ती चाल आज सर्वांत लहान मंदिरांतही सहज गाइली जाते, कारण तिला चार स्वरभागांची गरज नाही.

विधीचे गेय भाग म्हणजे ग्लोरिया, सँक्टस, आग्नुस देई इत्यादी. त्यांच्या शब्दांत बदल होत नाही, फक्त स्वररचना बदलते, आणि तीही ऋतुमानाप्रमाणे. दर आठवड्यास बदलल्यास मंडळी मुकी होते. येथे जॉन मर्बेक यांचे नाव घेतले पाहिजे. विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपलचे हे ऑर्गनवादक १५४३ साली पाखंडाच्या आरोपाखाली दोषी ठरून राजाच्या क्षमेने वाचले. १५५० साली त्यांनी पहिल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकासाठी एकपदरी स्वररचना प्रसिद्ध केली. शब्द स्पष्ट कळावेत म्हणून एका अक्षराला शक्यतो एकच स्वर, हे तिचे तत्त्व होते. दोनच वर्षांत प्रार्थनापुस्तक बदलले, आणि मर्बेकांची रचना सुमारे तीनशे वर्षे निरुपयोगी होऊन पडली. एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा वर आली आणि अमेरिकन पॅरिशमध्ये इतकी रुळली की अनेक वृद्ध उपासकांना ती पुस्तकावाचून येते. कॅथेड्रलसाठी लिहिलेल्या भव्य रचना विसरल्या गेल्या आणि ही साधी, साथीवाचूनही उभी राहणारी रचना टिकली, हे लहान वृंदाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

स्तोत्रगायनाची जी खास अँग्लिकन पद्धती आहे तिला ‘चँट’ म्हणतात, आणि तिचे स्पष्टीकरण थोडे विस्ताराने करणे इष्ट होईल. स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे गद्यप्राय आहेत. ओळी लहानमोठ्या असल्याने त्यांना ठराविक चाल लावता येत नाही. म्हणून दहा स्वरसंहतींचा एक छोटा साचा घेतात. त्यातील पहिल्या चार ओळीच्या पूर्वार्धासाठी आणि उरलेल्या सहा उत्तरार्धासाठी असतात. प्रत्येक अर्धातील पहिली संहती लवचिक असते; ओळीतील वाटेल तितकी अक्षरे तिच्यावर बोलण्याच्या गतीने म्हणायची आणि शेवटच्या काही अक्षरांना उरलेल्या संहतींवर उतरवायचे. कोणत्या अक्षरावर स्वर बदलावयाचा ते दाखविण्यासाठी शब्दांत खुणा केलेल्या असतात. ऐकणाऱ्याला हे सोपे वाटते. वस्तुतः सर्व गळ्यांनी एकच श्वास, एकच गती आणि शब्दांचा एकच आघात धरल्याशिवाय ते साधत नाही. आठ माणसांनी चांगला चँट म्हणणे हे चाळीस माणसांनी म्हणण्यापेक्षा काही बाबतींत सुलभ आहे; ती एकमेकांचा श्वास ऐकू शकतात. तथापि एकाची चूक झाकण्यास दुसरे कोणी नसते. म्हणून अलीकडे बऱ्याच ठिकाणी जेरोम मीचन यांच्या नावाशी निगडित असलेली सुलभ पद्धती वापरतात. तिच्यात अर्ध्या ओळीची सगळी अक्षरे एका संहतीवर म्हणून अखेरच्या आघाताला फक्त एकदा संहती बदलावयाची असते. शुद्धतावाद्यांना ती रुचत नाही. परंतु तिच्यामुळे वृंदाबरोबर संपूर्ण मंडळीला स्तोत्र म्हणता येते, आणि स्तोत्र मुळात मंडळीचेच आहे.

लहान पॅरिशच्या संगीतजीवनात सर्वांत मोठी उलथापालथ घडविली ती १९७९ च्या प्रार्थनापुस्तकाने. त्यापूर्वी असंख्य पॅरिशमध्ये महिन्यातील बहुतेक रविवारी ‘प्रातःप्रार्थना’ हीच मुख्य उपासना असे आणि प्रभुभोजनाचा विधी एखाद्या रविवारी होई. प्रातःप्रार्थनेचा गाभाच गेय होता. ‘वेनिते’, ‘टे डेऊम’, ‘बेनेडिक्टुस’, ‘युबिलाते’ ही प्राचीन स्तुतिगीते दर आठवड्यास चँटवर गाइली जात, आणि हे गायन हेच वृंदाचे काम व वृंदाचा अभिमान असे. नव्या पुस्तकाने प्रभुभोजन हा रविवारचा प्रमुख विधी ठरविला. धर्मशास्त्रदृष्ट्या त्यास भक्कम आधार होता, यात शंका नाही. पण संगीताच्या अंगाने पाहता मागील दोन पिढ्यांनी पाठ केलेला ठेवा एका दशकात कपाटात गेला. मंडळीच्या कंठात असलेले टे डेऊम नाहीसे झाले आणि त्याच्या जागी नवे ग्लोरिया शिकावे लागले. त्यांपैकी रॉबर्ट पॉवेल यांच्यासारख्यांच्या काही रचना सुगम असल्याने लवकर रुजल्या. ज्या वयस्क गायकांनी या काळात वृंद सोडला त्यांना हेकट म्हणणे सोपे आहे. त्यांच्या दृष्टीने मात्र त्यांना येत असलेले कामच संपले होते. नव्या व्यवस्थेने दुसरीकडून एक लाभही दिला. प्रभुभोजनाच्या वेळी मंडळी रांगेने वेदीपाशी जात असताना जो निवांत अवधी मिळतो, त्यात लहान वृंदाने हलक्या स्वरात गाइलेले दोन मिनिटांचे गीत जितके शोभते तितके पूर्वी कोठेही शोभत नव्हते.

या वृंदाचे आठवड्याचे चक्र सप्टेंबरात सुरू होते आणि जूनच्या आरंभी थांबते. आठवड्यातील एका सायंकाळी, बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी, तास-दीड तास सराव होतो. रविवारी उपासनेपूर्वी अर्धा-पाऊण तास. सकाळी आठ वाजता संगीतविरहित उपासना आणि दहाच्या सुमारास संगीतयुक्त, अशी जोडी पुष्कळ पॅरिशमध्ये आढळते. आठची उपासना आवडणारा वर्गही निष्ठावंत असतो, आणि संगीत नसणे हेच त्याचे आकर्षण असते.

दहा जणांच्या वृंदात सरावाला सात येतात आणि रविवारी आठ, परंतु ते सात व हे आठ एकच नसतात. चांगला वृंदप्रमुख हे आधीच गृहीत धरतो. अँथेम तीन-चार आठवडे आधी हाती घेतो, म्हणजे प्रत्येकाला ती दोनदा तरी मिळते. आणि निवडताना ‘ही रचना किती सुंदर आहे’ याआधी ‘कोणता एक गळा नसला तर ही कोसळेल’ हा प्रश्न विचारतो. पुरुषगायकांची, त्यातही टेनरची टंचाई ही सार्वत्रिक व्याधी होय. प्रकाशकांनी ती ओळखून सोप्रानो, आल्टो आणि एकच पुरुषस्वर अशा तीन भागांच्या रचनांची स्वतंत्र वर्गवारीच केली आहे. टेनरची ओळ खालच्या आवाजाच्या स्त्रीने गाणे हा दुसरा उपाय. तिसरा, आणि पुष्कळदा सर्वांत श्रेयस्कर, उपाय म्हणजे सर्वांनी एकस्वराने गाणे आणि स्वरसंहती ऑर्गनवर सोपविणे. त्यात कमीपणा मानण्याची एक खोड वृंदांना असते. वास्तविक एकस्वरात स्वराचा किंचित फरकही उघडा पडतो. चार भागांचे ढिसाळ गायन खपून जाते, तसे एकस्वराचे खपत नाही.

गायकांपैकी सगळ्यांना स्वरलेखन वाचता येत नाही. ज्याला येते त्याच्या शेजारी उभे राहून, कानाने, दुसऱ्याच्या गळ्यावरून शिकण्याची पद्धत येथे सर्रास चालते. छापील कागद हाती असतो तो पुष्कळांना शब्दांपुरता. यामुळे कोण कोणाशेजारी उभा राहतो याला केवढे महत्त्व येते ते बाहेरच्याला कळत नाही. एक वाचक गायक गाव सोडून गेला की त्याच्याबरोबर दोन गळे निकामी होतात. दीर्घ ओळ न तोडता गाण्यासाठी मोठ्या वृंदात गायक आळीपाळीने श्वास घेतात. प्रत्येक भागात दोघेच असतील तर ती आळीपाळी दोघांत ठरवावी लागते, आणि एकच असेल तर रचनाकाराच्या ओळीला मान तुकवून मध्येच श्वास घेण्यावाचून गत्यंतर नाही. वयपरत्वे आवाजाची वरची मर्यादा खाली येते. ऑर्गनवादक मुकाट्याने स्वरपट्टी एक-दोन अर्धस्वरांनी उतरवितो आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

वृंदप्रमुख आणि ऑर्गनवादक बहुधा एकच व्यक्ती असते. दोन्ही हात व दोन्ही पाय वाद्यात गुंतलेले असताना तिला संचलन करावयाचे ते मानेने, भुवयांनी आणि क्वचित मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने. म्हणून लहान वृंद साथीवाचून गातो तेव्हाच त्याला खरा संचालक लाभतो. थॉमस टॅलिस यांची ‘इफ यी लव्ह मी’ ही सोळाव्या शतकातील चतुःस्वरी रचना अशा वृंदांत इतकी प्रिय का, याचे अंशतः उत्तर येथे आहे. तिचा आरंभ सर्व भाग एकत्र बोलतात असा आहे, म्हणून सर्वांना धीर येतो. मग भाग एकामागून एक प्रवेश करतात, पण कोणालाही फार उंच जावे लागत नाही. उत्तरार्धाची पुनरावृत्ती असल्याने शिकण्याचे काम कमी. आणि सर्व दोन-अडीच मिनिटांत संपते. रचना लहान आहे, पण लहान वृंदासाठी सोपी करून दिलेली नाही. गायकाला हा फरक कळतो. इंग्लंडमध्ये १९२७ साली सिडनी निकल्सन यांनी जी संस्था स्थापिली आणि जी आज रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक या नावाने ओळखली जाते, तिची दृष्टी कॅथेड्रलपुरती मर्यादित न राहता साध्या पॅरिश-वृंदांकडेही वळलेली होती. अमेरिकेत तिच्या उन्हाळी शिबिरांतून अशा गावांतील मुले व प्रौढ काही दिवस मोठ्या वृंदात गाऊन येतात.

संगीताविषयी अंतिम अधिकार कोणाचा, याबाबत चर्चचे नियम निःसंदिग्ध आहेत. तो पाळकाचा, म्हणजे पॅरिशमध्ये रेक्टरचा आहे. मात्र त्याने संगीतज्ञांचे साहाय्य घ्यावे आणि संगीत हे ईश्वराला अर्पण व उपासनेत मंडळीला साहाय्य अशा रीतीने योजावे, असे तेथे म्हटलेले आहे. अँथेमचे शब्दही बायबलातील, प्रार्थनापुस्तकातील किंवा त्यांच्याशी सुसंगत असले पाहिजेत. व्यवहारात हा अधिकार क्वचितच उघडपणे वापरला जातो, कारण लहान गावात रेक्टरला दुसरा ऑर्गनवादक मिळणे कठीण आणि ऑर्गनवादकाला दुसरे मंदिर मिळणे कठीण. वेतनाचा निर्णय व्हेस्ट्री, म्हणजे निवडलेल्या गृहस्थांची समिती घेते. छप्पर गळू लागले की तिची दृष्टी प्रथम संगीताच्या खर्चाकडे वळते.

‘लहान पॅरिश’ हा अपवाद नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०१९ च्या सुमारास एपिस्कोपल चर्चच्या जवळजवळ निम्म्या मंडळ्यांत रविवारची सरासरी उपस्थिती पन्नास किंवा त्याहून कमी होती. त्यानंतर महामारी आली. १० मार्च २०२० रोजी वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट व्हॅलीच्या एका सार्वजनिक वृंदाचा सराव झाला. तो कोणत्याही एपिस्कोपल पॅरिशचा वृंद नव्हता. हजर एकसष्ट जणांपैकी त्रेपन्न आजारी पडले आणि दोघे दगावले. हा वृत्तांत प्रसिद्ध होताच गाणे हीच धोक्याची क्रिया ठरली. काही महिने मंदिरे बंद होती. उघडली तेव्हा उपासना होती, पण मंडळीला गाण्यास मनाई होती. कोठे मुखपट्टी लावून दूरदूर उभे असलेले दोन गायक, कोठे घरोघर एकेकट्याने ध्वनिमुद्रित करून नंतर जोडलेले गीत, तर कोठे केवळ ऑर्गन. प्रार्थनापुस्तकातील ती सूचना तेव्हा पूर्णपणे एका बाजूला झुकली. सर्व काही ‘म्हटले’ गेले. विधी त्यामुळे अपुरा ठरला नाही. तरीही मनाई उठल्यानंतर पहिले उपासनागीत गाताना अनेकांना रडू आवरले नाही, हे ठिकठिकाणच्या पाळकांनी सांगितले आहे. विधी पूर्ण असूनही जे उणे वाटले ते नेमके काय होते, याची चिकित्सा उपासनाशास्त्राच्या अभ्यासकांनी करण्यासारखी आहे.

मनाई उठली तेव्हा सगळे गायक परतले नाहीत. काही वारले होते, काहींचा आवाज न वापरल्याने बसला होता, आणि काहींना सायंकाळ घरी घालविण्याची सवय लागली होती. वृंद आठांवरून चार-पाचांवर आला की तो ठेवावा की मोडावा, हा प्रश्न येतो. ऑर्गनवादक न मिळाल्यास गीतांची ध्वनिमुद्रित साथ देणारी यंत्रे उपलब्ध आहेत. ती वेळेवर वाजतात, परंतु एखादी वृद्धा दुसऱ्या कडव्याआधी श्वास घेण्यास थांबली तर यंत्र थांबत नाही. वृंद श्रोत्यांसाठी गातो, मंडळीच्या वतीने गातो, की मंडळीबरोबर गातो, हा वाद क्वार्टेटच्या काळापासून चालत आला आहे. मोठ्या मंदिरांत तिन्ही गोष्टी एका सकाळी होऊ शकतात. चार गळे उरलेल्या पॅरिशला निवड करावी लागते, आणि ज्यांनी ती विचारपूर्वक केली त्यांनी बहुधा तिसरी बाजू घेतली आहे. तेथे अँथेम महिन्यातून एकदाच होते. इतर रविवारी ते चौघे स्तोत्राचे ध्रुवपद आधी एकदा गाऊन दाखवितात आणि मग मंडळीला उचलू देतात. अपरिचित चालीचे पहिले कडवे ते म्हणतात, दुसऱ्यापासून सर्व जण. काही ठिकाणी त्यांनी झगे उतरवून ठेवले आहेत, समोरासमोरची ती उंच आसने सोडली आहेत, आणि ते बाकांच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत, एकेका बाजूला दोघे, असे बसतात. म्हणजे ज्याला चाल येत नाही त्याच्या मागून कोठून तरी ती ऐकू येते.